पाचव्या खंडातली नावाडीण

“आज नदीपर्यंतच. पुढचं उद्या.”

दादाचा हा आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो. तेव्हा तो चौदा वर्षांचा होता आणि त्याचा आवाज फुटायला लागला होता. वाक्य बारीक सुरू व्हायचं, मधेच जाड व्हायचं, शेवटी कुठे जाऊन पडेल याचा त्याचा त्यालाही भरवसा नसायचा. ‘नदी’वर तो हमखास घसरायचा. मी सात वर्षांची, भिंतीकडच्या खाटेवर, गळ्यापर्यंत पांघरूण ओढून. सांध्यांत ताप शिरला होता, आणि तो तिथून काळजात उतरू नये म्हणून मला आठ महिने निजवून ठेवलं होतं. धावायचं नाही, जिना चढायचा नाही, मोठ्याने रडायचंसुद्धा नाही. घर चौथ्या मजल्यावर. खाली लिफ्ट होती, पण तिच्या दारावरची ‘बंद आहे’ ही पाटी माझ्यापेक्षा वयाने मोठी होती. तपासणीला न्यायचं तर दादा मला पाठीवर घेऊन उतरायचा, प्रत्येक मजल्यावर भिंतीला टेकायचा आणि धापा टाकत म्हणायचा, “बोटुले, तू तापाने वाळलीस असं सगळे म्हणतात. माझ्या पाठीला कुणी विचारत नाही.” बोटाएवढी म्हणून बोटुली. आज मी बावन्न वर्षांची, केसांना रंग लावणारी, दोन चष्मे बाळगणारी बाई आहे; पण फोन उचलला की तो अजून तेच म्हणतो, आणि अजून मला क्षणभर पाय जमिनीवरून सुटल्यासारखं, त्याच्या शर्टाचा घामट वास नाकाशी आल्यासारखं होतं.

संध्याकाळी शाळेतून आला की तो खाटेच्या पायथ्याशी बसायचा आणि वाचनालयातून आणलेला खंड उघडायचा. नऊ खंडांची ती कथा. एका राज्यातला एक ऋतूच कुणीतरी चोरून नेलेला, आणि तो परत आणायला निघालेलं दहा हजारांचं सैन्य. घोडे, खिंडी, फितुरी, बर्फाचे पहारेकरी. मला त्यातलं निम्मंसुद्धा कळत नसे. मला कळायची फक्त कंदिली. सैन्याच्या पुढे कंदील घेऊन चालणारी पोर, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच सारखी आजारी पडणारी. तिला खोकला आला की कंदील हलायचा, आणि मागच्या दहा हजार माणसांच्या सावल्या हलायच्या. माझा खोकला असा कुणाला हलवतो का, ते मी पांघरुणातून बघायची. चौथ्या खंडाच्या शेवटी सैन्य नदीपाशी येऊन थांबलं. पूल तुटलेला, पाणी चढलेलं, कंदिलीला ताप भरलेला. आणि पाचवा खंड काही घरी आला नाही.

“तो घरी देत नाहीत,” दादा म्हणाला. “तिथेच बसून वाचावा लागतो. नियम आहे.”

“मग?”

“मग काय, मी वाचून येतो नि तुला सांगतो. हक्काचा हमाल आहेच की मी.”

त्यानंतर महिनाभर तो हात हलवत यायचा. पुस्तक नाही, दप्तर कोपऱ्यात फेकलेलं, आणि तो माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघत सांगायचा. मला वाटायचं, पाठ करून आलाय, आठवतोय. त्याच्या तोंडून नावाडीण आली. उंच, काळीसावळी, एका डोळ्याने अधू, कुणालाही न घाबरणारी. ती कुणाला विचारायची नाही, तू कुठल्या राजाचा, कुठल्या बाजूचा. काठावर पडलेल्या माणसाच्या नाकाशी हाताची मागची बाजू धरायची. श्वासाची ओल लागली की उचलून नावेत घ्यायची. आणि वल्हवताना गायची. ते गाणंही दादा म्हणायचा, त्या फुटक्या आवाजात, दोन्ही हातांनी हवेत वल्ही मारत:

ऐल काठ, पैल काठ, मधे पाण्याची गं वाट
ज्याचा श्वास ओला आहे, त्याला माझा हात

तिने कंदिलीला नावेत घेतलं. पैलतीरी नाही नेलं, कारण पैलतीरी लढाई होती. नदीच्या मधोमध एक बेट होतं, तिथे उतरवलं. “आता तिला चालायचं नाही,” दादा म्हणाला. “बसून राहायचं आणि संध्याकाळी कंदील लावायचा. येणाऱ्या-जाणाऱ्या नावांना दिसावा म्हणून. तेसुद्धा कामच आहे, बोटुले.” पुढे सहावा आला, सातवा आला, नववा संपला, ऋतू परत मिळाला, नगारे वाजले, आणि कंदिलीचं नाव कुठेच नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. ती बेटावर होती. सुई टोचायला माणूस यायचा तेव्हा मी हाताची मागची बाजू नाकाशी धरायची. ओल लागायची. नाव येईल, मी म्हणायची, आणि दंड पुढे करायची.

मी कान तपासते. तीस वर्षं तेच करते. डॉक्टरांच्या दवाखान्यात मागच्या बाजूला माझी खोली आहे, आणि खोलीत आणखी एक खोली, कपाटाएवढी, जाड दाराची, भिंतींना सगळीकडून फोम लावलेली, काचेची एक छोटी खिडकी असलेली. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. आवाज आला की दाबा, कितीही बारीक असला तरी दाबा. बाहेर मी बसते, चकती फिरवते, आवाज कमी कमी करत नेते. माणसं ऐकू न आलेल्या आवाजालाही बटण दाबतात. खोटं बोलायचं म्हणून नाही. आला असावा, यायला हवा, म्हणून दाबतात. आम्ही त्या वेळी मुद्दाम काहीच वाजवत नाही, आणि बघतो. रिकाम्या शांततेला माणूस होकार देतो तेव्हा काचेतून त्याचा चेहरा बघवत नाही. दुपारी पेशंट नसले की मी त्याच खोलीत डबा खाते. बाहेरचं जग दार लावलं की तुटतं, आणि मग आपलंच रक्त कानात चालताना ऐकू येतं.

गेल्या महिन्यात तपासणीला आलेल्या एका मुलीच्या मांडीवर मी तो पाचवा खंड पाहिला. नवी आवृत्ती निघाली होती. पंचेचाळीस वर्षं माझ्या डोक्यातल्या फळीवर जी एक जागा रिकामी होती, तिच्यावरून कुणीतरी फडकं फिरवल्यासारखं झालं. संध्याकाळी दुकानात जाऊन मी तो मागितला. दुकानदार गमत्या माणूस. “मधलाच? बाकीचे आठ कुठे हरवले, बाई?”

“बाकीचे वाचलेत.”

“पाचवा एकटा कुणी नेत नाही. त्यात काही होत नाही हो. सहाशे पानं सगळे नदीकाठी बसून.”

“त्यात नावाडीण आहे,” मी म्हटलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग पुस्तकाकडे बघितलं, आणि पिशवीत घालून दिलं. न वाचताच विकतो मेला, असं मला वाटलं.

मी तो त्या कपाटाएवढ्या खोलीत, डब्याच्या वेळेला, थोडा थोडा वाचायला घेतला. दुकानदाराचं खरं होतं. काही होत नव्हतं. सैन्य बसलं होतं. तंबूंना बुरशी धरत होती, घोड्यांचे खूर कुजत होते, सेनापती रोज सकाळी पाण्याची खूण बघून परत येत होता. मधल्या खंडाचं दुःख असं की मागचं सगळं घडून गेलेलं असतं, त्याला हात लावता येत नाही, आणि पुढचं दूर असतं, तिथे हात पोचत नाही. मी मात्र आनंदात होते. पान उलटताना वाटायचं, आता येईल. आता धुक्यातून वल्ह्याचा आवाज येईल. एकविसाव्या प्रकरणात, तीनशे अकराव्या पानावर, तोंडात घास असताना मी वाचलं: ‘कंदिली पहाटे गेली. कुणी जागं नव्हतं. तिचा कंदील गाडीच्या दांडीला टांगला, आणि लाकडं तासायचं काम पुढे सुरू झालं.’

एवढंच. तीन वाक्यं. मी घास गिळला की थुंकला ते आठवत नाही. त्या खोलीत माझंच रक्त असं वाजायला लागलं की मला वाटलं कुणी बाहेरून दार ठोठावतंय. खरोखरच ठोठावत होते. दोनचा पेशंट आला होता. मी उठले, हात धुतले, एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या कानांवर हेडफोन चढवले आणि आवाज आला की दाबा म्हणून सांगितलं. पुढचे तीन दिवस मी उरलेला खंड वाचून काढला, सहाशे चौथ्या पानापर्यंत. नावाडीण नव्हती. बेट नव्हतं. त्या माणसांनी जंगल तोडून पूल बांधला आणि ते पलीकडे गेले, इतकं साधं. गाणं कुठेच नव्हतं. ते गाणं मी माझ्या मुलीला पाळण्यात म्हटलं होतं, आणि तिने विचारल्यावर सांगितलं होतं, एका फार मोठ्या पुस्तकातलं आहे.

म्हणजे तो खंड त्याने वाचला होता. वाचनालयातून आणला असेल, जिन्यात बसून वाचला असेल, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर जिथे तो मला टेकवायचा. एकविसाव्या प्रकरणाशी आला असेल. वर चौथ्या मजल्यावर मी वाट बघत असेन, तापाने ओठ सुकलेले, कंदिलीचं काय झालं म्हणून. चौदा वर्षांच्या पोराने ते पुस्तक मिटलं आणि परत देऊन टाकलं. आणि मग रोज रिकाम्या हाताने वर यायचा, खिडकीकडे बघायचा आणि नदीतून माझ्यासाठी एक बाई काढायचा. भाषेच्या विषयात काठावर पास होणारा दादा. पुढे सतराव्या वर्षी शाळा सोडून लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला लागला तो. का, असं कुणी विचारलं की म्हणायचा, “हिला उचलून उचलून कंटाळलो, म्हणून यंत्र शिकलो.”

दादा स्वतःच्या कामाबद्दल बोलायला लागला की वहिनी उठून आत जाते, इतक्यांदा तिने ते ऐकलंय. लिफ्ट म्हणे डोळ्यांनी कळत नाही, कानांनी कळते. लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर तो मोटरच्या बेअरिंगला टेकवतो आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतो, डोळे मिटतो. “सांगते ती,” म्हणतो. “कुठे दुखतं ते सांगते.” वर मशीन रूममध्ये त्याचा जोडीदार असतो आणि खाली शाफ्टमध्ये, त्या अंधाऱ्या उभ्या विहिरीत, लिफ्टच्या डब्याच्या टपावर दादा असतो. जोडीदार वरून ओरडतो, सोडतो रे; दादा खालून ओरडतो, सोड. मग डबा हलतो, आणि शेजारून लोखंडाचं वजन सरकत जातं, माणसाच्या खांद्यापासून वीतभर अंतरावरून. त्या दोन शब्दांवर चाळीस वर्षं त्याचे हातपाय शाबूत राहिलेत.

आणि मी त्याचा कान तपासला. कंपनीला दर वर्षी दाखला लागतो. सहा महिन्यांपूर्वी तो आला, नेहमीसारखा, डोक्याला तेल लावून, जणू परीक्षेला बसायचंय. आमचा नियम असा की आतल्या माणसाची पाठ खिडकीकडे असली पाहिजे. नाहीतर त्याला काचेतून माझा हात दिसतो, चकती फिरली की खांदा हलतो तो दिसतो, आणि माणूस डोळ्यांनी ऐकायला लागतो. शब्दांची यादी वाचतो तेव्हा तोंडासमोर पुठ्ठा धरायचा, तोही याचसाठी. पाठ करून बस, असं मी आजवर हजारो माणसांना सांगितलं असेल. दादाला सांगवलं नाही. त्याने खुर्ची माझ्याकडे तोंड करून ओढली, काचेतून हसला, आणि मी म्हटलं, असू दे. ज्याच्या पाठीवर बसून मी जिने उतरले त्याला पाठ फिरव कसं म्हणू. पुठ्ठाही मधेच खाली ठेवला मी. हात अवघडला, असं मनाशी म्हटलं. पंचवीसपैकी चोवीस शब्द त्याने बरोबर सांगितले. बटणही नेमकं दाबलं. वयाच्या मानाने उत्तम, असं मी लिहिलं, सही केली, शिक्का मारला. त्याने दाखला घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “बघ, अजून उंदीर चालला तरी ऐकू येतो.”

मग फोनवर तो चुकायला लागला. कधी येतोस विचारलं तर वहिनी बरी आहे म्हणायचा. लाइन खराब आहे, म्हणायचा. मला कळायला पाहिजे होतं. माझा धंदाच तो आहे. तीन आठवड्यांपूर्वी मी त्याला मशीन नवीन आलंय, लावून बघू, असं खोटंच सांगून बोलावलं. या वेळी खुर्ची आधीच फिरवून ठेवली होती. तोंडासमोर पुठ्ठा धरला. मी म्हटलं दोरी, तो म्हणाला गोडी. मी म्हटलं पाणी, तो थांबला. मी म्हटलं भाऊ. त्याची मान थोडी तिरपी झाली, काचेत मला त्याच्या मानेवरची पांढरी लव दिसत होती, आणि तो काहीच बोलला नाही. पंचवीसपैकी नऊ. आलेखाची रेघ दोन्ही कानांची, उतारावरून पाणी निघावं तशी खाली निघालेली.

डॉक्टरांनी कागद उजेडात धरला. “हे परत यायचं नाही,” म्हणाले. “ज्या वेगाने चाललंय, वर्षसुद्धा कठीण आहे. यंत्र लावलं तर आवाज मोठा होईल, शब्द उमटणार नाहीत. ऑपरेशनचं पुढे बघू. पण शाफ्टमधलं काम आजच बंद. त्यांना मी सांगू का?”

“मी सांगते,” मी म्हटलं. “भाऊ आहे माझा.”

दादा बाहेर बाकावर बसला होता. मला बघून उठला. “काय म्हणतंय नवं मशीन?” मी म्हटलं, “ठीक आहे रे. वयाचं आहे थोडं.” त्याच्या चेहऱ्यावर जे सैल झालं ते मला दिसलं, आणि मग माझी जीभ उचलेना. त्याची नोकरी संपायला आठ महिने राहिलेत. मी म्हटलं, उद्या. आज एवढंच, पुढचं उद्या. सोमवारी म्हटलं, बुधवारी म्हटलं. सकाळी आठ वाजले की दवाखान्यात हेडफोन पुसताना मला वाटायचं, आता उतरला असेल. दहा वाजले की, आता वरून ओरडत असतील. रस्त्यावर कसलाही आरडाओरडा झाला की मी खिडकीशी जायची. त्याच्यापुढे मी नेहमी अशीच, खाटेवरची. काय होणार ते दुसऱ्या कुणीतरी ठरवावं आणि येऊन सांगावं. त्यानेही मला फसवलं होतं, असं आता त्या पुस्तकाने सांगितलं होतं, आणि क्षणभर मला बरंसुद्धा वाटलं, की चला, हे आमच्या घरातच आहे. पण त्याने खोट्यात मला बेटावर बसवलं होतं. मी त्याला विहिरीत सोडत होते.

रविवारी दुपारी मी खंड पिशवीत घातला आणि त्याच्याकडे गेले. सांगायचंच, असं ठरवून. टीव्हीचा आवाज जिन्यातच आला. वहिनीने दार उघडलं आणि हाताने कान झाकून दाखवले. “ये बाई. आमच्याकडे टीव्ही लावला की वरच्यांनी स्वतःचा बंद केला तरी चालतो.”

“तिला काय सांगतेस, ती सरकारमान्य कानवाली आहे,” दादा आतून म्हणाला. तिच्या ओठांकडे बघून म्हणाला, हे आता मला दिसलं.

“मग तूच सांग गं याला,” वहिनी म्हणाली. “मंगळवारचं कळलं का तुला? याचा जोडीदार येऊन सांगून गेला. वरून तीनदा ओरडला म्हणे सोडतो सोडतो, आणि हा खाली हात घालून बसलाय वजनाच्या वाटेत. शेवटी त्याने वरचं बटण दाबून सगळंच बंद केलं. वीतभर राहिलं होतं. आणि हा घरी येऊन मला बोललासुद्धा नाही.”

“गाण्यात होतो मी,” दादा म्हणाला. “तो काय, दिवसभर बोंबलतच असतो.”

वहिनी आत गेली. मी टीव्ही बंद केला. ती शांतता त्याला कळली की नाही कोण जाणे. तो माझ्या हातातल्या पिशवीकडे बघत होता. पुस्तकाचा कोपरा बाहेर आला होता. त्याने ते काढून घेतलं, पाठीवरचा आकडा बघितला, तळहातावर तोललं. मग म्हणाला, “जाड केलाय. तेव्हा एवढा नव्हता.” आणि मग, माझ्याकडे न बघता, अगदी तेव्हासारखा खिडकीकडे बघत, “एकविसावं झालं वाचून?”

मी मान हलवली. तो बघत नव्हता म्हणून त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि पुन्हा हलवली.

“का नाही सांगितलंस?”

“काय?”

मी जवळ सरकले. “तेव्हा. का नाही सांगितलंस?”

“काय सांगायचं होतं? तू तीन पायऱ्या चढलीस तर तुझी नखं निळी व्हायची. रोज विचारायचीस, कंदिली कशी आहे. बरी आहे म्हटलं.” त्याने पुस्तक उलटसुलट केलं. “मला वाटलं, मोठी झालीस की सांगू. मग मोठी झालीस. मग तुझ्या पोरीला ते गाणं म्हणताना ऐकलं. म्हटलं, आता कुठे पूल बांधत बसायचा.” तो हसला. “एक सांगू? मला तेव्हा रोज वाटायचं, तू ओळखणार. रोज जिना चढताना वाटायचं. तू काही ओळखलं नाहीस, आणि मला फार एकटं वाटलं.”

मला तेव्हाच बोलायचं होतं. शब्द अगदी दातांशी आले होते. पण त्याने खंड माझ्या हातात दिला आणि खुर्चीत मागे टेकला. “वाच,” म्हणाला. “तेच वाच, एकविसावं. मी एकदाच वाचलंय ते, आणि तेसुद्धा घाईत. तुझ्या आवाजात ऐकू दे. तुझा आवाज मला बरा लागतो.”

मी उघडलं. अक्षरं पाण्यातल्यासारखी हलायला लागली, आणि माझा चेहरा त्याला दिसू नये म्हणून मी तो जाडजूड खंड वर उचलला, अगदी डोळ्यांच्या खालपर्यंत. वाचायला लागले. ओली लाकडं, धूर, सेनापतीचं पाण्याच्या खुणेपाशी जाणं. तंबूतली पोर. तिचा खोकला. पुस्तकाच्या कडेवरून मला दादा दिसत होता. डोळे माझ्याकडे लावलेले, माझ्या कपाळावर, भुवयांवर, जे काही उघडं होतं त्यावर काहीतरी शोधत फिरणारे; आणि मान हळूहळू डोलत होती, गोष्ट ऐकणाऱ्या माणसाची डोलते तशी. मी त्या तीन वाक्यांपाशी आले. कंदिली पहाटे, एवढं म्हटलं आणि माझा आवाज बसला. एकदम, दिवा जावा तसा. मी पुस्तक खाली घेतलं नाही. तशीच बसले, पुस्तकाआड, तोंड मिटून. मला वाटलं, तो विचारेल, थांबलीस का. आत वहिनीने नळ सोडला, बंद केला. खालच्या रस्त्यावरून एक सायकल गेली. मी कितीतरी वेळ एक अक्षर बोलले नाही.

दादाची मान डोलत होती.

तो ऐकत होता. त्या रिकाम्या शांततेत तो मन लावून ऐकत होता, मधेच डोळे बारीक करत होता, आणि एकदा तर त्याने ओठांशी काहीतरी पुटपुटलं आणि उजवा हात मांडीवर वल्ह्यासारखा थोडा हलला. मग समाधानाने मान हलवून तो म्हणाला, “छान वाचतेस.”

तीस वर्षं मी काचेच्या बाहेरून हे बघत आले होते. आता मधे काच नव्हती. उठून पळून जावं असं मला वाटलं, त्याला पाठीवर घेऊन, जिन्याने खाली, प्रत्येक मजल्यावर टेकत. माझ्याने काहीच होण्यासारखं नव्हतं; ना रेघ वर येणार होती, ना मंगळवार पुसला जाणार होता. एवढंच होण्यासारखं होतं. मी पुस्तक मिटलं. ते तोंडासमोरून काढलं आणि मांडीवर ठेवलं. खुर्ची ओढली, त्याच्या अगदी समोर घेतली, खिडकीचा उजेड माझ्या तोंडावर पडेल अशी. त्याचे दोन्ही हात धरले. त्याच्या डोलणाऱ्या मानेला कळलं काहीतरी. ती थांबली, आणि त्याचे डोळे माझ्या ओठांवर आले.

“दादा,” मी सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, “तुझे कान चाललेत. दोन्ही. परत येणार नाहीत. तो दाखला मी चुकीचा दिला, आणि तीन आठवडे मला माहीत आहे. उद्यापासून तू शाफ्टमध्ये उतरायचं नाहीस.”